क्रमशः नावाचा लेखक

आधीच सांगून ठेवते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलीही बरीचशी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारातूनच ऐकली. तेव्हा कुठे वेलांटी चुकली असेल तर वाचणाऱ्याने पदरची घालून घ्यावी. तसं हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझं अक्षर एका माणसाने एकदा भर ओट्यावर, सगळ्या चाळीसमोर मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे. म्हणजे ते वाचता येतं, एवढं खरं. त्याच माणसाबद्दल लिहायचं आहे.

आमच्या शेजारचे मामा. सख्खे मामा ते कुणाचे होते ठाऊक नाही, पण अख्खी चाळ त्यांना मामाच म्हणायची. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये मशीनला तेल घालायच्या कामावर होते. आमचे हेही तिथेच, म्हणून खोल्या लागून. मामांचा एकच गुण सांगायचा. हातात घेतलेली कुठलीही गोष्ट ते अर्धी सोडत नसत. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. शेजारी राहिल्यावर कळतं.

ताप उतरला तरी औषधाची बाटली तळाला जाईपर्यंत रोज घ्यायचे. डॉक्टर म्हणाले बंद करा, तर म्हणाले, "पैसे पुऱ्या बाटलीचे घेतलेत ना तुमी?" बिडी बोटाला चटका बसल्याशिवाय टाकायची नाही. कर्जतला तंबूत सिनेमा पाहायला गेले, तर पडदा उतरवून त्याची घडी होईपर्यंत बसून राहिले, कारण तंबूवाल्याने "संपला" असं तोंडाने सांगितलं नव्हतं. रेडिओ लावला की बाजारभावसुद्धा शेवटपर्यंत. गुळाचा भाव काय झाला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण मध्येच बंद केला तर बोलणाऱ्याला काय वाटेल.

भांडणाचंही तेच. एकदा नळावर आमच्या ह्यांच्याशी त्यांचं वाजलं. ऐन रंगात आलं असताना पॉवरहाऊसचा भोंगा झाला आणि दोघे कामावर पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धुतलेला सदरा घालून आमच्या दारात हजर. म्हणाले, "काल भोंगा वाजला म्हणून राह्यलं होतं. तू म्हणालास, मी बादली सरकवली. हां, आता बोल पुढं." ह्यांना हसू आलं आणि भांडण वाया गेलं. मामांना ते आवडलं नाही. जाताना म्हणाले, "अर्धं काय ठेवायचं नाय बाबा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे, की चाळीतली पोरं ताटात भाजी टाकताना आधी मामांच्या खोलीकडे बघायची.

मामांची बायको लवकर गेली. कुसुम एकुलती एक मुलगी. हुशार, बोलकी, मला वहिनी म्हणायची. तिला वाचायचं वेड. पण चाळीत पुस्तकं कुठून येणार? कडावच्या किराणा दुकानात रद्दीत जुनी मासिकं यायची, त्यांत साखर, डाळ बांधून द्यायचे. त्या मासिकांतून एक भलीमोठी कादंबरी तुकड्यातुकड्यांनी यायची. राजपुत्र, राजकन्या, जादूगार, उडता घोडा, असली. कुसुम दुकानदाराला सांगून तेवढी पानं बाजूला ठेवायला लावायची. घरी आणून वरचं मथळ्याचं आणि खालचं जाहिरातीचं कापायची, गोष्ट तेवढी ठेवायची आणि गोधडीच्या दोऱ्याने दाभणाने शिवायची. अशी वर्षं चालली. शेवटी त्याचं उशीएवढं बाड झालं. कुठे तेलाचा डाग, कुठे हळद. राजकन्येच्या महालाला कायम हिंगाचा वास.

मग कुसुमने लग्न केलं. मुलगा खालापूरचा, शिवणकाम करायचा. वाईट नव्हता, आमच्यातलाच होता, लग्न विहारात रीतसर लागलं. एकच झालं, मामांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मामांनी हो म्हणायला नक्की वर्ष लावलं असतं, आणि ते वर्ष त्यांनी पुरं केलं असतं, हे कुसुमला ठाऊक होतं. तांदळाच्या डब्यातले चाळीस रुपये तिने साडीसाठी नेले. जाताना माझ्याकडे आली. म्हणाली, "वहिनी, आप्पांना सांगा, पैसे परत करीन. आणि भेटायला या म्हणावं."

मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. हा निरोप सांगायला मी आठवडा घेतला. तोवर मामांचं सगळ्या चाळीला सांगून झालं होतं, की कुसुमबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, फक्त चाळीस रुपयांचं आहे. कुणी पाणी भरताना नुसतं "कसं आहे मामा" म्हटलं तरी म्हणायचे, "बरं हाय. चाळीस रुपये गेले." एवढी मोठी मुलगी निघून गेली तर माणूस काय काय म्हणू शकतो, पण चाळीस रुपये म्हणणं सोपं असतं. आकडा असतो, कुणी जास्त विचारत नाही.

चाळीतल्या बायका त्यांच्या मागे लागल्या. जाऊन या हो मामा, लेक आहे. कर्जतला गेलं की खोपोलीची एसटी मिळते, तिथून खालापूर किती ते. मामा ऐकून घ्यायचे. एक दिवस बायका फारच मागे लागल्या, तेव्हा ते आत गेले, फळीवरचं बाड काढून आणलं आणि म्हणाले, "हे हातात घेतलंय. पोर काय वाचत होती ते बघतो. संपलं की जातो."

बायका खूश झाल्या. मी झाले नाही. मी त्या बाडाची जाडी बघितली होती.

आता मामा वाचायला शिकले ते मोठेपणी, रात्रीच्या वर्गात. त्यामुळे त्यांना मोठ्याने वाचल्याशिवाय वाचता यायचं नाही. कामावरून आले की ओट्यावर बसून बोट ठेवून सुरू. म्हणजे ती कादंबरी त्यांनी एकट्याने वाचली असं म्हणता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी ती भोगली. मी भाकऱ्या थापताना राजपुत्र शौर्यकेतू डोंगर चढायचा. डाळ उकळायची तेव्हाही तो चढतच असायचा. ताटं धुवून झाली तरी त्याचं शिखर यायचं नाही.

मामांना त्या कादंबरीतलं काहीही आवडलं नाही. पहिल्या पानापासून वैर. ते म्हणायचे, "मी दीक्षा घेतली तवा प्रतिज्ञा घेतल्यात. जादू, चेटूक, देवदेवस्की, काय मानत नाय." आणि इथे दर दुसऱ्या पानावर कुणीतरी देवी प्रकट व्हायची. वगळून पुढे जायचं तर ते अर्धं सोडण्यासारखं. मग मामांनी तोड काढली. देवी आली की ते आवाज खाली आणून भराभर वाचायचे, कडू काढा नाक धरून प्यावा तसे. देवी अंतर्धान पावली की पुन्हा आवाज मोठा.

बाकीच्या हरकती वेगळ्या. राजाच्या महालात हजार दिवे जळायचे, हे वाचून मामा थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघून म्हणाले, "हजार दिवे. आणि तेल घालणारा एक माणूस दाखवला नाय यानं. कोण घालतंय तेल? राजकन्या?" उडत्या घोड्याबद्दल म्हणाले, "सात दिवस उडतोय. दाणा नाय, पाणी नाय. आमच्या सायबाला दाखवा म्हणावं हे मशीन." रद्दीत मधली पानं हुकलेली असायची, त्यामुळे राजपुत्र एका पानावर विहिरीत पडायचा आणि पुढच्या पानावर त्याच्या कपाळाला मुंडावळ्या असायच्या. मामा दोन दिवस तिथेच अडले. "वर कसा आला ते सांग की. दोर कुणी टाकला?"

लेखकावर तर त्यांचा दात होता. आणि लेखकाचं नाव त्यांनी शोधून काढलं होतं.

"काय नाव ते. क्रमशः," ते म्हणाले. "दर थोड्या पानांनी खाली सही करतो. तीही कंसात. आपण काय लिहिलंय ते बघून लाज वाटत असंल बिचाऱ्याला."

आमचे हे म्हणाले, "कोण लोक म्हणायचे मामा हे?"

"आपल्यातला नाय. आडनावच लावत नाय, म्हणजे मोठ्या घरचा असणार."

झालं. त्या दिवसापासून क्रमशः चाळीत राहायला आला. कुणी थापा मारल्या की बायका म्हणायच्या, क्रमशः झाला का तुझा? दूधवाल्याने पाणी घातलं की त्यालाही क्रमशः. मला मात्र तो शब्द काय ते माहीत होतं. कुसुमनेच कातरी चालवता चालवता सांगितलं होतं, वहिनी, क्रमशः म्हणजे पुढचं पुढच्या अंकात. पण सगळ्या चाळीसमोर मामांना "चुकलं" म्हणायचं कुणी? मी चूल फुंकत बसले.

कादंबरीत पुढे राजकन्या मेघावती खिडकीतून उडत्या घोड्यावर बसून शौर्यकेतूबरोबर निघून गेली. बापाला न सांगता. त्या संध्याकाळी मामांनी एकही हरकत घेतली नाही. घोड्याचा दाणापाणीही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "या क्रमशःनंच पोरीच्या डोक्यात भरवलं." आणि त्यानंतर वाचनाची तऱ्हा बदलली. राजपुत्राच्या लढाया ते देवीसारख्या खालच्या आवाजात उरकायचे. म्हातारा राजा वीरबाहू आला की आवाज चढायचा. हा राजा मुलीला शोधायला एकटाच निघाला होता. वाटेत त्याला जादूगाराने दगड केला, पुन्हा माणूस केला, पुन्हा दगड केला. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, "चाल रं बाबा. थांबू नको."

आणि स्वतः मात्र इतके सावकाश वाचायला लागले, की एका संध्याकाळी चारच ओळी झाल्या. कधी चष्मा सापडायचा नाही. कधी उजेड कमी, तोही वीज तयार होते त्या गावात. मग मला कळलं. मामांना पुस्तक आवडत नव्हतं, आणि ते संपायलाही नको होतं. संपलं की खालापूर. आणि खालापूरच्या दारात उभं राहून काय बोलायचं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

पण बाड कितीही जाड असलं तरी त्याला शेवटचं पान असतंच. ते एका रविवारी आलं. ओटा भरला होता. राजा वीरबाहू सात वनं ओलांडून मेघावतीच्या गडाशी पोचला. पायात काटे, अंगावर धूळ. त्याने दरवाज्यावर थाप मारायला हात उचलला. आणि खाली कंसात सही.

मामांनी पान उलटलं. मागे पुठ्ठाच.

"संपलं," ते म्हणाले. मामा उठले, आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. इस्त्रीचा सदरा घालून, टोपी डोक्यावर ठेवून बाहेर आले. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. मामा पायरीवर आले, चप्पल घातली आणि थांबले.

"पण त्यानं दार वाजवलं का नाय?"

आणि मी, जी कधी बोलत नाही, ती नेमकी तेव्हा बोलले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. म्हटलं, "मामा, ते लेखकाचं नाव नाही. क्रमशः म्हणजे गोष्ट पुढे आहे. पुढचं पान रद्दीत आलं नसेल."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की पगारवाढीला पसरलं नसतं.

"म्हणजे संपलं नाय," ते म्हणाले. "बघा. आणि निघालो होतो मी. अर्धं काय ठेवायचं नाय." त्यांनी चप्पल काढली, टोपी काढली आणि सदऱ्याची घडी करायला आत गेले.

त्यानंतर चार दिवस चाळीतल्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं फार वाटलं असं नाही, मी तरी कुठे त्यांच्याशी बोलत होते. पण ह्यांनीही म्हटलं, "तुला आयुष्यात एकदाच तोंड उघडायचं होतं, तर मीठ मागायला उघडायचंस."

कडावच्या दुकानदाराने ती मासिकं येणं कधीच बंद झालं म्हणून सांगितलं. मग एका दुपारी मी मुलाच्या वहीतली दोन पानं फाडली आणि राजा वीरबाहूला दारात उभं केलं.

मला राजवाड्यातलं बोलणं येत नाही. दगड झालेला माणूस कसा बोलतो तेही ठाऊक नाही. म्हणून मी जादूगाराला आधीच मारून टाकलं, एका वाक्यात. घोडा बांधून ठेवला आणि त्याला दाणा घातला. दिव्यांत तेल घालायला एक माणूस नेमला. मग राजाने दार वाजवलं. मेघावतीने उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मला पुढे काही सुचेना. शेवटी तिच्या तोंडी घातलं, "बाबा, जेवलात का?" त्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, समाप्त. ते पान फाटेपर्यंत गिरवलं, की कुणाला शंका नको.

पानांना थोडी हळद फासली, त्यात पावशेर साखर बांधली आणि मामांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. म्हटलं, "कडावहून आणली. पुडीवर काहीतरी लिहिलंय, बघा."

मामांनी साखर काढून घेतली. ती परत आली नाही, ते जाऊ दे. पानं सरळ केली, चष्मा लावला आणि म्हणाले, "क्रमशःनं छापखाना सोडलेला दिसतो. हातानं लिहायला लागला."

चाळ गोळा झाली. मी दाराच्या आड. मामांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "जादूगार मेला," त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं." घोड्याला दाणा मिळाला तिथे मान हलवली. तेल घालणारा माणूस आला तेव्हा थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक-दोनदा म्हणाले, "याचं ऱ्हस्व-दीर्घ कधीपासनं बिघडलं कुणास ठाऊक. पैलं बरं होतं." मग शेवटची ओळ आली. बाबा, जेवलात का. ती त्यांनी मोठ्याने वाचली. मग खालच्या आवाजात वाचली, देवीची ओळ वाचायचे तशी. मग नुसतं बोट ठेवून बसले.

"समाप्त," त्यांनी शेवटी वाचलं. आमच्या दाराकडे न बघता म्हणाले, "आता काय इलाज नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा बायका ओट्यावर वाटच बघत होत्या. काय झालं मामा, काय म्हणाली?

"क्रमशःला संसारातलं काय कळत नाय," मामा म्हणाले. "जेवलात का म्हणाली नाय. म्हणाली, आप्पा, चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलंय."

"मग?"

"मग काढल्या."

एवढंच सांगितलं. पुढे हळूहळू कळलं, की दिवसभर जावयाच्या मशीनला तेल घालत बसले होते. त्या मशीनची करकर म्हणे त्यांना ऐकवेना. निघताना म्हणाले, "माझे चाळीस रुपये?" कुसुमने एक रुपया हातावर ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, हा एक. बाकी क्रमशः."

मुलगी कुणाची होती.

मग काय, मामा दर महिन्याला खालापूरला जायला लागले. एक रुपया आणायला. जाताना पापड, कधी वाल, कधी रताळी. आमच्या ह्यांनी एकदा न राहवून विचारलं, "मामा, एसटीचं भाडं किती होतं? आणि मिळतो किती?"

"हिशेब तू कर," मामा म्हणाले. "मी वसुलीला जातो. अर्धं काय ठेवायचं नाय."

कुसुमला मुलगी झाली तेव्हाही ते वसुलीलाच गेले होते. बारशाला गेले, तो रुपयाचा दिवस होता म्हणून. नात चालायला लागली, बोलायला लागली, आजोबांना "लुपया" म्हणायला लागली. रायगड जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणायचे, तेव्हाची ही गोष्ट. मामांची नोकरी संपत आली होती, आणि चाळीस म्हटलं तरी आकडा तो. त्यालाही शेवट असतो.

तो महिना आला. मामा खालापूरहून आले आणि थेट आमच्या ओट्यावर बसले. शेवटचा रुपया माझ्यासमोर फरशीवर ठेवला. त्यांचं तोंड असं उतरलेलं, की मला वाटलं तिकडे कुणी आजारी आहे.

"फिटले गं बाय सगळे," ते म्हणाले.

मी पाणी दिलं. मामा ते प्यायले, सगळं, तळापर्यंत. मग पिशवीत हात घालून बाड काढलं. बरोबर घेऊन हिंडत होते की काय, देव जाणे. म्हणजे मामांसमोर असं म्हणायची सोय नाही. दोरा जागोजागी तुटला होता.

"जरा शिवून दे. पुढच्या महिन्यात नातीला न्यायचंय. पैल्या पानापासनं वाचून दाखवतो. महिन्याला थोडं थोडंच. एकदम वाचलं तर पोर बिघडंल."

मी म्हटलं, "पण मामा, तुम्हाला तर ते आवडत नाही."

"घाण हाय," मामा म्हणाले. "पण ती इचारतेय, घोडा कसा उडतो."

मी दाभण आणि गोधडीचा दोरा घेऊन आले. मामा शेजारी बसून बघत होते. शेवटाशी आले तेव्हा ते वाकले आणि हळदीच्या डागाच्या दोन पानांवर बोट ठेवलं.

"ही तुझी पानं घट्ट शिव. मागची पानं आधी सुटतात."

मी खाली मान घालून दोन टाके जास्तच घातले. मामांनी फरशीवरचा रुपया उचलला, तांदळाच्या डब्यात टाकायला घरात गेले. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. चाळीस रुपये पुरे झाले.